कंपनीचे देणे, गावाचे मागणे

(शनिवार पेठेत हवेली, मुळशी, दौंड व इंदापूर तालुक्यांतील शेतकरी आणि पुण्यातील कंपन्यांचे समाजकार्य पाहणारी मंडळी यांच्या एकत्र बैठकीत एका कृषि विस्तार प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपण आज शनिवार पेठेत जमलो आहोत. जवळच शनिवारवाडा आहे. त्याची वास्तुशांत १७३२ साली झाली. पुढे नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी बांधीव नळाने, केवळ जमिनीच्या उताराचा उपयोग करून, वाड्यापर्यंत आणण्यात आले. त्या काळच्या मानाने हे मोठे तंत्रज्ञान होते. परंतु पाणी फक्त वाड्यात गेले नाही. वाटेत पेठांमधून हौद बांधले गेले आणि रयतेच्या घागरी त्यांत बुडाल्या. सदाशिव पेठेचा हौद आजही त्या नावाने ओळखला जातो. माझ्या आजच्या भाषणाचा विषय याच गोष्टीत सामावलेला आहे. ज्याच्या दारावरून नळ जातो, त्याच्या घागरीतही पाणी पडले पाहिजे. तंत्रज्ञानावर मोठी झालेली कंपनी समाजाला काय परत देते आणि कसे देते, याचा विचार आपण या दृष्टीने करू.

हा विषय शेतकऱ्यांपुढे कशासाठी, असे काही जणांना वाटेल. कारण सोपे आहे. हिंजवडी, माण या मुळशी तालुक्यातील गावांच्या जमिनी औद्योगिक विकास महामंडळाने संपादन केल्या आणि तेथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान पार्क उभे राहिले. आज तेथे इन्फोसिस, विप्रो, टीसीएस अशा कंपन्यांची मोठी संकुले आहेत. काल जेथे औत चालत होते तेथे आज संगणक चालतात. दुसरीकडे, पुणे शहर खडकवासला साखळीतील धरणांचे पाणी पिते आणि त्याच साखळीच्या कालव्यावर हवेली, दौंड, इंदापूरचा शेतकरी अवलंबून आहे. म्हणजे जमीन आणि पाणी या दोन्ही बाबतींत शहर, कंपनी आणि शेतकरी एकमेकांचे शेजारी आहेत. शेजाऱ्याशी व्यवहार असतो. तो चोख असावा, एवढेच आपले म्हणणे.

किर्लोस्करवाडीचा धडा

महाराष्ट्रात या विषयाचे सर्वात जुने आणि चांगले उदाहरण शेतीच्या अवजारातूनच निघाले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत शिकवीत असत. नोकरी सोडून ते बेळगावला आले, सायकली विकल्या, कडबा कापण्याचे यंत्र केले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. त्या वेळी लोखंडाने जमिनीत विष भिनते असा समज शेतकऱ्यांत होता. पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली. परंतु ज्या काळ्या रानात हरळी आणि कुंद्याने ठाण मांडले होते, तेथे लाकडी नांगराचे काही चालत नसे. लोखंडी नांगराने माती खोलवर उलटी होऊन मुळ्या उन्हाला लागू लागल्या, तेव्हा शेतकऱ्याची खात्री पटली. ही खात्री जाहिरातीने झाली नाही, ती रानात झाली.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि भांडवलासाठी कर्जही दिले. १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. कारखान्याबरोबर वसाहत, शाळा, पाण्याची सोय झाली. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही असा दंडक होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना राखणदार म्हणून नेमण्यात आले आणि त्यांनी तो विश्वास पाळला. १९२० मध्ये कारखान्याच्या बातम्यांचे ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघाले. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. नंतर १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही मासिके निघाली. नांगर करणाऱ्या कारखान्याने खेड्यापाड्यांतील घरांत वाचनही पोचविले.

त्या काळी समाजासाठी अमुक टक्के खर्च करा असा कोणताही कायदा नव्हता. या उदाहरणातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, कंपनीचे पहिले देणे म्हणजे टिकाऊ माल आणि वेळेवर मिळणारा सुटा भाग. पेरणीच्या तोंडावर ज्याचा फाळ मिळत नाही, त्या नांगराच्या मालकाने बांधलेल्या धर्मशाळेचे शेतकऱ्याला फारसे कौतुक नसते. दुसरी, आपल्या आवारातील माणसाला माणसासारखे वागविणे. तिसरी, आपल्याजवळचे ज्ञान कुंपणाबाहेर जाऊ देणे. पैशाची देणगी या तिन्हींच्या नंतर येते.

इंजिन आले, विहीर खोल गेली

१९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली. अनेक कारखान्यांची इंजिने व पंप गावोगाव गेले. मोट सुटली, बैलांचे हाल वाचले, विहिरीखालचे बागाईत वाढले. हा उपकार खराच आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोटेला स्वतःची मर्यादा होती. बैल दमले की मोट थांबे आणि रात्रीतून विहिरीला पाझर येई. इंजिन दमत नाही. पुढे विजेचे पंप आले, बोअर आले आणि भूजल खाली गेले. दोष यंत्राचा नाही. उपसा मोजला नाही आणि भरणा केला नाही, हा दोष आपला सर्वांचा आहे. पण ज्या उद्योगांची भरभराट पाणी उपसण्याच्या साधनांवर झाली, किंवा ज्यांच्या इमारती आज बोअर व टँकरवर चालतात, त्यांचे देणे पाण्याच्याच रूपाने फेडले जाणे सर्वात योग्य, असे माझे मत आहे. ज्या खात्यातून काढले, त्याच खात्यात भरावे.

कायदा काय सांगतो

आता कायद्याकडे वळू. अनेक गावांना याची माहिती नसते, म्हणून सविस्तर सांगतो.

कंपनी कायदा २०१३ मधील कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. आधीच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीची निव्वळ मत्ता ५०० कोटी रुपये किंवा अधिक, अथवा उलाढाल १००० कोटी रुपये किंवा अधिक, अथवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा अधिक असेल, तिला हे कलम लागू होते. तिन्हींपैकी एक अट पुरी झाली तरी पुरे. अशा कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते. उदाहरणार्थ, सरासरी नफा ५० कोटी असेल तर खर्च १ कोटी. यालाच आपण सर्व जण सीएसआर म्हणतो.

या खर्चाच्या यादीत शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी, पर्यावरण, मृद् व जलसंधारण, पशुकल्याण आणि ग्रामविकास हे विषय आहेत. कंपनी जेथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कलमात म्हटले आहे. मात्र पुढील गोष्टी त्यात धरल्या जात नाहीत: कंपनीचा नेहमीचा धंदा, फक्त स्वतःच्या कामगारांच्या फायद्याची कामे, राजकीय पक्षाला दिलेली देणगी आणि स्वतःच्या मालाची विक्री वाढावी म्हणून केलेले प्रायोजकत्व. त्यामुळे कोणी आपलाच माल खपविण्यासाठी मेळावा भरवून त्याला समाजकार्य म्हणत असेल, तर शांतपणे प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

२०२१ मध्ये नियम अधिक कडक झाले. चालू प्रकल्पाची न खर्चलेली रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवून तीन वर्षांत खर्च करावी लागते. इतर शिल्लक रक्कम आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत कायद्यात सांगितलेल्या निधीत भरावी लागते. काम करणाऱ्या संस्थेने १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घेणे आवश्यक झाले आहे. नोंदणीकृत विश्वस्त संस्था वा सोसायटीला आयकराची १२अ आणि ८०जी ही नोंदणी लागते आणि कंपनीने स्वतः स्थापन केलेली संस्था नसेल तर किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो.

येथे शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपली उत्पादक कंपनी अशी कार्यकारी संस्था होऊ शकत नाही. पात्र संस्थेमार्फत आपल्या गावात काम होऊ शकते. म्हणून चांगल्या, हिशेब उघडा ठेवणाऱ्या संस्थेशी संबंध जोडावेत. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली सुरू केलेल्या बाएफसारख्या संस्थांचा पशुपालनातील अनुभव आपल्याला माहीत आहे. संस्था निवडताना असा अनुभव पाहावा, केवळ छापील पत्रक पाहू नये.

देणगी फसते कोठे?

विस्तार कार्याच्या निमित्ताने मी पुष्कळ गावे हिंडलो. एका गावी, त्याचे वा देणाऱ्याचे नाव घेत नाही, शेतकऱ्यांना हवामान कळावे म्हणून यंत्र आणि संगणक बसविण्यात आला होता. उद्घाटन थाटात झाले. दोन वर्षांनी मी गेलो तेव्हा बॅटरी बंद पडलेली होती, खोलीला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे हे कोणालाच सांगता येईना. संगणकावर घातलेले कापड मात्र स्वच्छ होते. कोणीतरी ते दर आठवड्याला झटकत असे. गावाची आस्था होती, पण दुरुस्तीची व्यवस्था नव्हती आणि मुळात ते यंत्र गावाने मागितलेलेच नव्हते.

दुसऱ्या एका गावी कंपनीची मंडळी शाळेला मोठा पडदा द्यायला आली होती. ग्रामसभेत मागे बसलेल्या एक बाई उठून म्हणाल्या, “साहेब, पडदा द्या, आम्ही नको म्हणत नाही. पण आधी बंधाऱ्याचे ढापे बघून या.” सगळे नदीवर गेले. कोल्हापूर पद्धतीचा चांगला बंधारा, पण निम्मे ढापे गायब आणि उरलेल्यांची रबरे कुजलेली. पाणी अडत नव्हते. म्हणून जानेवारीपासून बायका हंडे घेऊन फिरत आणि मुली शाळा बुडवून आईबरोबर जात. ज्या मुलींसाठी पडदा आणला, त्या वर्गात नव्हत्याच! त्या मंडळींचे कौतुक एवढ्यासाठी की त्यांनी आपला बेत बदलला. ढापे व रबरे त्यांनी दिली. पावसाळ्यानंतर ढापे बसविणे, पावसाळ्यापूर्वी काढून गोदामात मोजून ठेवणे आणि त्याची वही लिहिणे हे गावाने पत्करले. पडदा दुसऱ्या वर्षी आला.

या दोन गावांत पैशाचा फरक नव्हता. एका ठिकाणी विचारले गेले, दुसऱ्या ठिकाणी विचारले गेले नाही, एवढाच फरक होता.

गावाने मागणी कशी तयार करावी?

कंपनीच्या दारात ‘काहीतरी द्या’ म्हणून जाऊ नये. पुढील तयारी करून जावे.

१. ग्रामसभेत गरजांची यादी करून त्यातील पहिली गरज ठरावाने निश्चित करावी. महिलांची सभा आधी वेगळी घ्यावी, कारण पाणी व चाऱ्याची खरी अडचण तेथे कळते.

२. जागेचा गट क्रमांक, मालकी आणि संबंधित खात्याची परवानगी यांची कागदपत्रे आधी जमवावीत. अनेक कामे पैशावाचून नव्हे, जागेच्या वादाने अडतात.

३. आजची स्थिती मोजून लिहून ठेवावी. किती विहिरी, कोणत्या महिन्यात किती फूट पाणी, किती जनावरे, किती टँकर. आधीचे माप नसेल तर नंतर फायदा झाला हे कशावरून सांगणार?

४. लोकसहभाग किती आणि कोणत्या रूपात, हे लिहावे. श्रम, ट्रॅक्टरचे डिझेल, रोख वर्गणी काहीही चालेल. जेथे स्वतःचा हात लागतो तेथे राखण आपोआप होते.

५. पाच वर्षांची देखभाल कोण करणार, त्यासाठी वर्षाला किती पैसे लागणार आणि ते कोणत्या खात्यात जमा होणार, हे प्रस्तावातच असावे.

६. कामाचा हिशेब चावडीवर लावावा. देणाऱ्याच्या नावाचा फलक जरूर लावा, पण त्याच फलकावर देखभाल समितीचेही नाव लिहा.

गाळ काढण्याचे गणित

नमुन्यादाखल एक काम घेऊ. शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ साली सुरू झाली आणि या कामाला कंपन्या व देणगीदार संस्थांची मदत मिळू शकते. साधारण पद्धत अशी की यंत्र व डिझेलचा भार देणाऱ्याने किंवा शासनाने उचलावा आणि गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याने करावा.

एक घनमीटर गाळ काढला की १००० लिटर पाण्याला जागा होते. १०,००० घनमीटर काढला तर १ कोटी लिटर. एका हेक्टरला ८ सेंटीमीटर खोलीची एक पाळी द्यायची तर ८०० घनमीटर पाणी लागते. म्हणजे तलाव एकदा भरला तर या जादा साठ्यातून कागदावर साडेबारा हेक्टरला एक पाळी मिळते. बाष्पीभवन व पाझर वजा जाता प्रत्यक्षात कमी मिळेल, हे लक्षात ठेवावे. तलाव पावसाळ्यात पुन्हा भरला तर लाभ वाढतो.

काही दक्षता घ्याव्यात. साठवण तलावात मूळ तळाच्या खाली खोदू नये, नाहीतर पाणी जिरून तलाव रिकामा होतो. पाझर तलावाचा उद्देशच पाणी जिरविणे असल्याने तेथील गाळ काढल्यास खालच्या विहिरींना लाभ होतो. बांधाच्या पायथ्यालगत खोदकाम करू नये. गाळ हलक्या, मुरमाड जमिनीत टाकावा. भारी काळ्या किंवा चोपण रानात टाकू नये. टाकण्यापूर्वी गाळाची माती परीक्षण प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. आणि पाणलोटावर बांधबंदिस्ती व झाडोरा केला नाही, तर तोच गाळ काही वर्षांत पुन्हा तलावात येऊन बसेल.

कंपन्यांच्या मित्रांना दोन शब्द

आपल्याकडे पैशाहून मोलाची गोष्ट आहे. ती म्हणजे मोजण्याची आणि हिशेब ठेवण्याची विद्या. आपले अभियंते महिन्यातून एक दिवस गावाला दिले, तर विहिरींच्या पाणीपातळीची नोंद, पाणीवाटपाचे वेळापत्रक, बाजारभावाची माहिती अशी कामे सुलभ होतील. मात्र शेतकऱ्याला शिकवायला येताना थोडे शिकायलाही या. कोणत्या ओढ्याला कधी पूर येतो हे नकाशाआधी गावातील म्हाताऱ्याला ठाऊक असते. या पेठेने १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी घरांत शिरलेले पाहिले आहे. धरण, नदी आणि शहर यांचे नाते काय असते, हे येथील जुन्या माणसांना सांगावे लागत नाही.

दुसरी विनंती. मार्च अखेरीस पैसे संपवायचे म्हणून घाईने काम काढू नका. शेतीचे वर्ष मृगापासून मोजले जाते. खोदकामाला उन्हाळा लागतो, रोपाला पाऊस लागतो. आपले हिशेबाचे वर्ष आणि आमचे नक्षत्रांचे वर्ष यांची सांगड घातलीत, तर त्याच पैशात दुप्पट काम दिसेल.

आणि शेतकरी बंधूंनो, आपल्यालाही एक सांगणे आहे. मिळाले ते फुकट मिळाले म्हणून त्याची किंमत कमी समजू नका. कात्रजच्या पाण्याचे हौद पिढ्यान्‌पिढ्या चालले. घरोघर नळ आले तेव्हा लोकांचे लक्ष हौदांवरून उडाले आणि ते कोरडे पडले. बांधणाऱ्याचे नाव इतिहासात राहते, पण पाणी राखणाऱ्यामुळे राहते. कंपनी एकदा देऊ शकेल. राखायचे मात्र आपल्यालाच आहे.

आज घरी गेल्यावर एवढेच करा. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर ‘गावाची पहिली गरज’ हा विषय घालायला लावा आणि मागे बसलेल्या बायाबापड्यांना पुढे बोलवा. मागणी नीट ठरली, तर देणारे या पुण्यात पुष्कळ आहेत.